अल्जेब्राचं माहेर

शुभममहाराजांनी त्या इंग्रजी शब्दाचे तुकडे केले, एकेक तुकडा संस्कृतातून उचलून आणल्यासारखा श्रोत्यांपुढे ठेवला, आणि मांडवात टाळ्यांचा असा कडकडाट झाला की पहिल्या रांगेत बसलेल्या शकुनबाईंच्या हातातले टाळ आपोआप मांडीवर आले.

अमरावतीत खोलापुरी गेटच्या आत, जुन्या गल्लीतल्या विठ्ठलमंदिरात सप्ताह चालला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी काल्याचं कीर्तन शकुनबाईंचं, म्हणून त्या आदल्या संध्याकाळीच अकोल्याहून येऊन पुढं बसल्या होत्या. ज्याचं कीर्तन उद्या, त्यानं आज खाली बसून ऐकायचं, ही तिथली रीत. आणि आज गादीवर उभा होता तो तर त्यांचाच विद्यार्थी. गणितातलाही आणि कीर्तनातलाही. त्याला पहिला ताल त्यांनी धरायला शिकवला होता. त्यामुळे सुरुवातीला बाई कौतुकानं ऐकत होत्या. पोरगा उभा छान राहतो, आवाज मोकळा सोडतो, असं मनात म्हणत होत्या.

मग तो अल्जेब्रावर आला.

"पोरांनो, शाळेत ज्याला घाबरता तो अल्जेब्रा!" उपरणं सावरत शुभम म्हणाला. "हा शब्द कुठला? पुस्तकं सांगतात, अरबांचा. अरे, कसला अरबांचा! आपल्याच घरातलं भांडं चोरानं नेलं आणि त्यावर स्वतःचं नाव घातलं. ज्यांना पिढ्यानपिढ्या तोडणंच माहीत, ते जगाला जोडणं शिकवणार? बोला, पुंडलीक वरदे..."

"हारी विठ्ठल!" मांडव गरजला. समोर मोबाइल वर झाले. कमिटीचे अध्यक्ष किशोरभाऊ तर उभे राहून टाळ्या वाजवत होते.

शकुनबाईंच्या तोंडून 'विठ्ठल' निघाला नाही. उभ्या जन्मात पहिल्यांदा निघाला नाही.

त्यांना कीर्तनाचं वेड होतं. देवाच्या नावाची अक्षरं फोडून कीर्तनकार अर्थ काढतो तो भावाचा अर्थ असतो, तिथं व्याकरण कोणी विचारत नाही, आणि अशा अर्थांवर बाईंनी पदराने डोळे पुसले होते. पण हे तसं नव्हतं. शब्दालाही माहेर असतं. ते ज्याला ठाऊक आहे त्यानं गादीवर उभं राहून ते नाकारायचं, ते कशासाठी, तर टाळ्यांसाठी! शुभमला ठाऊक होतं. पक्कं ठाऊक होतं. ही गोष्ट बाईंना अंगभर जाळत गेली.

कारण त्याला तो शब्द त्यांनीच सांगितला होता, आणि कधी सांगितला तेही काल घडल्यासारखं आठवत होतं.

तेव्हा शकुनबाई अमरावतीतच शिकवायच्या, याच गल्लीत राहायच्या. शाळकरी शुभम सप्ताहाच्या मांडवाच्या बांबूवर चढला, खाली आला, आणि त्याचं कोपर भलतीकडेच वळलं. मंदिराच्या मागच्या भिंतीला लागून अब्दुल रहीमचं घर. हाडं बसवणारा माणूस, त्याचा बापही तेच करायचा. त्यानं पोराला बोलण्यात गुंतवलं, एक झटका दिला, कोपर जागेवर आलं. मग कामट्या लावून हात बांधला. उजवा हात. लिहिणं बंद. म्हणून शुभम रोज बाईंकडे यायचा आणि बाई त्याला तोंडी गणित शिकवायच्या.

"क्षमधून तीन गेले, उरले सात," त्या सांगायच्या. "म्हणजे तुझा क्ष मोडलेला आहे, बाळा. तीननं तुटका. आता इकडे तीन घाल, तिकडेही तीन घाल. क्ष पुरा झाला का नाही? हे मोडकं भरून काढणं, त्याला अरबीत म्हणतात जब्र. बगदादेतल्या एका पंडितानं गणिताचा ग्रंथ लिहिला, त्याच्या नावात हा शब्द होता, अल-जब्र. तो पुढे युरोपात गेला आणि झाला अल्जेब्रा. अन् हाड बसवणं, तेही जब्रच. स्पेन देशात तर हाडं बसवणाऱ्यालाच अल्जेब्रिस्ता म्हणायचे."

"म्हंजे रहीमचाचा गनिताचे मास्तर?" शुभमनं विचारलं होतं, आणि बाई हसून हसून बेजार झाल्या होत्या. ही गंमत त्यांनी अब्दुल रहीमच्या बायकोला, कुलसुमबीला, जाऊन सांगितली. तिच्या नातवाचं बारसं तेव्हा नुकतंच झालं होतं. नाव जिब्रान. "तेही त्याच धातूतलं, भाभी," बाई म्हणाल्या. "तुमच्या नातवात अन् माझ्या गणितात नातं आहे." तेव्हापासून कुलसुमबी गल्लीत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, आमच्या पोराच्या नावात गनित हाय. पुढे जिब्रान नागपूरला इंजिनियर झाला तेव्हा तर तिनं पेढ्याबरोबर हेही सगळ्यांना पुन्हा वाटलं.

आपलं बीजगणित आपलं आहे, त्याचा अभिमान धरायला शकुनबाईंना कोणी शिकवावं लागत नव्हतं. शून्य शिकवताना त्यांचाच आवाज वर्गात चढायचा. पण आपलं घर चांगलं आहे म्हणून शेजाऱ्याच्या दारावरची पाटी उपटून आणायची, हे कुठलं शिकवणं?

कीर्तन संपलं. शुभमभोवती फोटो काढणाऱ्यांचा गराडा पडला आणि किशोरभाऊंनी त्याला गाडीत घालून घरी मुक्कामाला नेलं. बाईंना त्याच्याजवळ जाताच आलं नाही. त्यांनी तिथंच ठरवलं, उद्या काल्याच्या कीर्तनात, त्याच गादीवरून, सगळं उलगडून सांगायचं. एकेक वाक्य त्यांनी मनात पाजळून ठेवलं.

सकाळी आंघोळ करून त्या आधी कुलसुमबीकडे गेल्या. अमरावतीत आलं की पहिला चहा तिच्याकडे, हे ठरलेलं. कुलसुमबी ओट्यावर मेथी निवडत बसली होती. तिनं "या" म्हटलं नाही.

"भाभी, चहा नाही का आज?"

"दूध फाटलं."

आतून चहाचा चांगला वास येत होता. बाई एक पायरी वर चढल्या.

"काल ऐकलं वाटतं तुम्ही."

"आयकाले कुठी जा लागते, मास्तरीनबाई? भोंग्याचं तोंड पाहा न कुकडे हाय. आमच्या खिडकीतच हाय." कुलसुमबीनं मान वर केली. "सप्ताहभर तुमचा विठ्ठल आमच्याच घरी मुक्कामाले राह्यते. कधी तक्रार केली का म्या? मांगच्या साली माईक बिघडला, त मीच इचारलं, काहून गा, आज आवाज नाही, करमत नाही बापा. इचारा त्या मृदंगवाल्या डोमाजीले."

"मला ठाऊक आहे, भाभी."

"तो पोट्टा माह्या हातच्या शेवया खाऊन मोठा झाला. त्याले बोलाचं त बोलू दे. तुमी कुठी होत्या?"

"पुढंच होते. पहिल्या रांगेत."

"अन् उठल्या नाही?"

"गादीवरच्या माणसाला मधात टोकता येत नाही. रीत आहे तशी."

"व्वा! बोलनाऱ्याले रीत नाही, आयकनाऱ्याले हाय." मेथीच्या काड्या तिनं जरा जोरातच बाजूला फेकल्या. "तुमचे रहीमभाई आत बसले. सकाळी शेंदूरजनाघाटची एक बाई आली खांदा घेऊन. तिले म्हने, दवाखान्यात जाय बेटी, माह्या हाताले कंप सुटला. खोटं! कंपबिंप काही नाही, म्या पाह्यलं न. हात मांडीवर ठेवून नुसते बसले. म्हंते, आता कोनाले हात लावाचा नाही. ज्याले बसवून द्या तोच म्हनन का तुमी तोडनारे."

शकुनबाईंच्या कानशिलांतून जाळ निघाला.

"आज मी सांगते सगळं. गादीवरूनच सांगते. तो शब्द कुठला, कोणाचा, याला कोणी शिकवला..."

"तुमी सांगानच. तुमी थोड्याच कालच्या हा." कुलसुमबीचा आवाज एकदम खाली आला. "पन तुमी सांगितलं त ते तुमचं झालं. त्याचं बोललेलं अजून त्याच्याच तोंडात हाय. ते त्याले काढू द्या. नाही त राहू द्या."

एवढं बोलून ती आत गेली आणि दार लोटून घेतलं. आपटलं नाही, लोटलं. आपटलं असतं तर बाईंना बरं वाटलं असतं.

मंदिराकडे जाताना त्यांची पावलं फरशीवर आपटत होती. गादीबिदी नंतर, आधी त्या पोराला गाठायचं, त्याचा कान धरायचा, मोठा महाराज झाला असला तरी धरायचा. मांडवात शिरल्या आणि जागच्या जागी थांबल्या.

शुभम विठ्ठलापुढे उभा होता, गळ्यात वीणा घालून.

सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते. रात्रंदिवस कोणी ना कोणी ती घेऊन उभं असतं, त्याला पहारा म्हणतात. ज्याच्या हाती वीणा तो तेवढा वेळ माणूस राहत नाही, देवाचाच होतो. त्याच्याशी चढ्या आवाजात बोलायचं नाही. त्यानंही नामाशिवाय काही बोलायचं नाही. आणि लहान असो, थोर असो, समोर येईल त्यानं त्याच्या पाया पडायचं.

शकुनबाईंनी दात आवळले, वाकल्या आणि आपल्या विद्यार्थ्याच्या पाया पडल्या. पाया पडताना इतका राग त्यांना आयुष्यात कधी आला नव्हता.

शुभमनं डोळे गच्च मिटले आणि नाम मोठ्यानं सुरू केलं, "रामकृष्ण हारी, रामकृष्ण हारी..."

बाजूला म्हातारे डोमाजी मृदंगाच्या पुडीवर कणीक थापत बसले होते. सप्ताहाचे पहारे तेच लावायचे.

"पहाटपासून उभा हाय," ते पुटपुटले. "याचा पहारा कवाच सरला. दुसरा मानूस आला त त्यानं हात पसरायच्या आंधीच त्याले खुनेनं वापस धाडला. जसं काही म्हंते, मले अजून सेवा करू द्या. एवढी भक्ती म्या याच्यात पहिल्यांदाच पाहून राह्यलो, शकुनताई."

"भक्ती नाही ती. लपून बसलाय तो."

"मलेही तेच वाटलं, पन वीनेच्या मांगं लपलेल्याले कोन काढन?"

बाईंनी पदर खोचला. मग शुभमपुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात पसरले. पुढचा पहारेकरी हात पसरून उभा राहिला की वीणा द्यावीच लागते. शुभमनं एक डोळा उघडला. इकडेतिकडे पाहिलं. सुटका नव्हती. त्यानं वीणा काढून बाईंच्या गळ्यात घातली आणि वाकून त्यांच्या पाया पडला.

वर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं.

"आता तुमाले बी रागावता येत नाही, बाई," तो हळूच म्हणाला.

लेकाचा खरं बोलत होता. बाईंच्या हातात वीणा होती. रात्रीपासून पाजळलेली सगळी वाक्यं ओठांवर येऊन थटली. त्यांनी तारेवर बोट मारलं.

"रामकृष्ण हारी."

"आयका त खरं. मी काय वाईट बोललो? बीजगनित आपल्याकडं होतंच न? तुमीच शिकवलं."

"रामकृष्ण हारी."

"त मंग शब्दाचं काय घेऊन बसता? शाळेत तुमचं ठीक हाय. गादीसमोर येते त्या मानसाले अभिमान वाटला पाहिजे, छाती फुगली पाहिजे. तुमी सांगान का हा शब्द दुसऱ्याचा, त कोन टाळी देईन? अन् मी काही रहीमचाचाचं नाव घेतलं का? नाही न? ते लोक येगळे, चाचा येगळे."

"रामकृष्ण हारी!" बाईंचा आवाज इतका चढला की डोमाजींच्या हातातली कणीक खाली पडली.

"परतवाड्याहून फोन आला रातीच. कालचा व्हिडिओ पाहून. त्यायचा सप्ताह भेटला मले. चांदूर रेल्वेचंही पक्कं होऊन राह्यलं. आता मी मांगं कसा येऊ? बाई, तुमी एवढं करा, आज तुमच्या कीर्तनात हा विषय काढू नका. तुमच्या पाया पडतो." आणि तो खरंच पुन्हा पाया पडला. वीणेच्या का बाईंच्या, ते त्यालाच ठाऊक.

बाई तारेवर बोट मारत राहिल्या. ते वेगळे, चाचा वेगळे! म्हणजे गर्दीत दगड फेकायचा आणि म्हणायचं, मी नेम धरला नव्हता. आता काल्याचं कीर्तन. गादीवर जायचं आणि याचं एकेक वाक्य सोलून काढायचं. पण मग कुलसुमबीचं बोलणं आठवलं. त्याचं बोललेलं त्याच्याच तोंडात हाय. बाईंनी कितीही सोललं तरी तो बाजूला बसून मान डोलवेल आणि संध्याकाळी परतवाड्याला जाऊन पुन्हा तेच सांगेल.

मांडव भरत आला. टाळकरी उभे राहिले. काल्याची हंडी बांधून झाली. सप्ताहातलं हे मानाचं कीर्तन, आणि ते मिळायला शकुनबाईंनी कितीतरी वर्षं वाट पाहिली होती. अकोल्याहून त्यांच्या शाळेतल्या चौघीजणी खास आल्या होत्या.

"चला, शकुनताई," डोमाजी म्हणाले. "वीना द्या कोनापाशी, गादीवर या."

बाईंनी मान हलवली. नाही.

"काय नाही?"

बाईंनी वीणा छातीशी घट्ट धरली आणि डोळ्यांनी शुभमकडे दाखवलं, मग गादीकडे. डोमाजींनी एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा शुभमकडे. म्हातारा आयुष्यभर कीर्तनकारांच्या मागे उभा राहिलेला, न बोललेलं त्याला जास्त समजायचं. त्यानं माईक हातात घेतला.

"मंडळी, काल्याचं कीर्तन आज शकुनताईचं होतं. पन त्यायनं वीना धरली हाय, त्या सोडत नाही. आपली गादी त्यायनं शिष्याले देली. शुभममहाराज, या!"

"वा वा! डबल!" किशोरभाऊ खुर्चीवरून उठलेच. "महाराजांचं पुन्हा! टाळ्या वाजवा, मंडळी!"

टाळ्या पडल्या, शिट्ट्याही पडल्या. शुभमचा चेहरा मात्र उतरला. नाही म्हणायला जागाच नव्हती. तो गादीवर गेला. शकुनबाई वीणा घेऊन त्याच्या उजव्या अंगाला, हातभर अंतरावर उभ्या राहिल्या. त्यांची तार त्याच्या कानातच वाजत होती.

काल्याचा अभंग लावला. पोरगा हुशारच. एकेक गवळ्याची शिदोरी त्यानं अशी उघडून दाखवली, कोणाची भाकर, कोणाचं लोणचं, कोणाचा नुसता शिळा भात, आणि ज्याला आणायला काही नाही तो मागे लपून उभा. बायका पदर डोळ्यांना लावू लागल्या. रागातही बाईंच्या कानाला ते गोड लागलं, आणि त्याचाच त्यांना जास्त राग आला. एवढं गोड ज्याला येतं त्याला ते तिखट कशाला लागतं?

असं रंगवत रंगवत त्यानं अभंग पार शेवटाला नेला. कालचा शब्द नाही, त्या शब्दाची सावलीसुद्धा नाही. उन्हं मांडवाच्या मधोमध आली. हंडी फोडायची वेळ झाली.

"चला, आता गजर करा आणि काला घ्या!" शुभमनं हात वर केले. टाळकऱ्यांनी टाळ उचलले.

शकुनबाईंनी वीणेच्या तारांवर तळहात ठेवला.

सूर तुटला. सप्ताह बसल्यापासून एक क्षण न थांबलेली तार थांबली, आणि ती थांबल्यावरच लोकांना कळलं की आतापर्यंत ती वाजत होती. टाळकरी टाळ उचललेले तसेच राहिले. डोमाजींनी बाईंच्या हाताकडे पाहिलं आणि आपले हात मृदंगावरून काढून मांडीवर ठेवले.

"वाजवा न, बाई," शुभम माईक बाजूला धरून कुजबुजला.

"रामकृष्ण हारी," बाई म्हणाल्या. फळ्यावर ये, असं ज्या आवाजात म्हणायच्या त्या आवाजात. आणि तळहात तसाच ठेवला.

शुभमनं घसा खाकरला. "मंडळी, काल मी एका शब्दाबद्दल बोललो. त्यातून कोणाचा गैरसमज झाला असेल, तर..."

तळहात हलला नाही.

तो बोलायचा थांबला. त्यानं समोर पाहिलं, मोबाइल वर झालेले होतेच. मग वर पाहिलं, मांडवाच्या बांबूकडे. कपाळावरचा बुक्का घामानं ओघळून भुवईत आला होता. आणि कीर्तनातली ती घडीव मराठी सोडून पोरगा एकदम घरच्या बोलीत आला.

"काल म्या खोटं सांगितलं. चुकून नाही. ठाऊक असून सांगितलं."

"ओ महाराज, हे काय?" मागून कोणीतरी ओरडलं.

"अल्जेब्रा शब्द आपला नाही. अरबीतला हाय. अल-जब्र. मोडलेलं बसवनं. हाड बसवनं बी तेच. आपलं बीजगनित आपलं हाय, ते कोनी नेलं नाही, अन् दुसऱ्याचा शब्द आपून आपला म्हनू नये. मले हे शकुनबाईनं शिकवलं. तवा मी याच मांडवातून पडलो होतो, अन् माहा हात बसवून देनारा मानूस या भिंतीच्या मांगं राह्यते. त्याले मी काल चोर म्हटलं. तोडनारा म्हटलं. नाव नाही घेतलं, पन त्यालेच म्हटलं, कारन भोंगा त्याच्याच खिडकीत हाय, हे मले ठाऊक हाय."

टाळी पडली नाही. चारदोन पोरं उठून गेली. एकानं जाताना खुर्ची लाथाडली. किशोरभाऊंनी माईकवाल्याला हातानं खूण केली, बंद कर.

"भोंगा बंद करशीन त मृदंग इथीच ठेवून घरी जाईन मी!" डोमाजी ओरडले. "अन् पुढच्या साली पहारे तूच लावजो, किशोर!"

माईकवाल्यानं हात मागे घेतला.

"रहीमचाचा," शुभम भोंग्यातून म्हणाला, आणि माईक खाली घेतला.

शकुनबाईंनी तारांवरचा तळहात काढला. सूर लागला. डोमाजींची थाप पडली. गजर झाला, हंडी फुटली, दही-लाह्यांचा काला हातोहात फिरला. लोकांनी तो घेतला, पण नेहमीसारखं एकमेकांच्या तोंडात घालणं झालं नाही. कोणी शुभमकडे पाहत होतं, कोणी पाहायचं टाळत होतं. मग विठ्ठलापुढे वीणा उतरवली आणि सप्ताह संपला.

वीणा उतरली आणि बाईंच्या जिभेवरचं कुलूप उघडलं.

शुभम त्यांच्याकडेच येत होता. डोळे लाल झालेले, पण चेहऱ्यावर बेरीज बरोबर आलेल्या पोराची आशा.

"झालं न, बाई?"

"काय झालं?"

"सांगितलं न म्या सगळं. परतवाड्याचा सप्ताह त गेलाच समजा."

"म्हणजे माझ्यासाठी सांगितलं तू? मी तार दाबून धरली म्हणून?" बाईंचा आवाज मांडवभर गेला. प्रसाद वाढणाऱ्या बायका थांबल्या. "नसती धरली तर? तर काला खाऊन गाडीत बसला असतास! अरे, मूर्ख असतास तर माफ केलं असतं. नादान असतास तरी केलं असतं. तुला तर सगळं ठाऊक होतं! मी तुला शब्दाचं मूळ शोधायला शिकवलं ते याच्यासाठी? मूळ उपटायला?"

"बाई, लोकं पाहून राह्यले..."

"पाहू दे! काल पाहत नव्हते का? चल."

"कुठी?"

बाईंनी त्याचं मनगट धरलं आणि महाराजांना मंदिराच्या मागच्या दारानं बाहेर काढलं. गल्लीत ऊन रणरणत होतं. शुभमच्या पायात चप्पल नव्हती, तो टाचा उचलून चालत होता. बाई थांबल्या नाहीत.

कुलसुमबी दारातच उभी होती. पदर डोक्यावर नीट घेतलेला.

"आयकलं," ती म्हणाली.

"चाची, मी..." शुभम पुढे झाला. "चाचाले भेटतो. माफी..."

"भोंग्यात बोलून झालं. गावानं आयकलं. आता घरातलं घरात पाहू." तिच्या आवाजात नरमाई नव्हती. "ते आत हाय. आयकून त्यायनं तोंड भिंतीकडं केलं. रागानं का कायनं, मले ठाऊक नाही, म्या इचारलं नाही. बोलाचं असन त बस पायरीवर. त्यायले वाटन तवा बोलतीन."

"किती वेळ, चाची?"

कुलसुमबी दारातून जरा बाजूला सरली. शुभमनं बाईंकडे पाहिलं. बाईंनी पायरीकडे बोट दाखवलं. तो बसला. उन्हात, रेशमी उपरण्यासकट, आतल्या काळोखाकडे तोंड करून. आत खाट करकरली, पण कोणी बाहेर आलं नाही.

तेवढ्यात किशोरभाऊ धापा टाकत गल्लीत आले. त्यांच्या मागे वाढपी, एकाच्या हातात भाताचा झारा तसाच.

"महाराज! अहो, इथी काय बसले? पानं मांडून झाली, लोकं खोळंबले. कीर्तनकाराच्या पहिल्या घासाबिगर पंगत कशी सुरू करू?" मग ते बाईंकडे वळले. "शकुनताई, तुमीच सांगा न यायले. गावाची पंगत हाय."

शकुनबाई कुलसुमबीच्या शेजारी दाराला टेकून उभ्या राहिल्या होत्या. राग अजून उतरला नव्हता, आणि त्यांना तो इतक्यात उतरवायचाही नव्हता.

"पंगत सुरू करा," त्या म्हणाल्या.

"महाराजाबिगर?"

"महाराज कुठी हाय इथं? शुभम हाय. अन् त्याले वेळ लागन."